सशाने चालू कूलरची वायर तोडली, चादर कुरतडली. काय करावं?

प्रश्न : साखरची आई

नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात पहिल्या मजल्यावर राहतो. दोन खोल्या आणि छोटी गॅलरी. आमची साखर, पांढरी मादी ससा, आठ महिन्यांची आहे. पिंजरा आहे, पण दार उघडंच असतं.

चार-पाच महिन्यांची होईपर्यंत काही त्रास नव्हता. आता पहाटे चारला सुरू होते. गादीचा एकच कोपरा दोन्ही पायांनी उकरत राहते. लग्नात आईने दिलेली मोराच्या नक्षीची चादर होती, तिचे काठ कुरतडून पार दशा काढल्या. आणि मागच्या आठवड्यात कूलरची वायर तोडली. कूलर चालू होता. मला उकाड्याने जाग आली तेव्हा वायरमधलं तांबं उघडं दिसत होतं. तिला काही झालं नाही, पण आठवलं की अजून हातपाय गार पडतात.

वायरला तिखट कालवून लावलं. ती बिचारी शिंकत, डोळे चोळत बसली आणि दुसऱ्या दिवशी दुसरी वायर धरली. पेपरची गुंडाळी आपटून ओरडले, तर आता मला बघितलं की कॉटखाली जाते. ते मला फार लागलंय. दात शिवशिवत असतील म्हणून कडक भाकरी देते, ती आवडीने खाते. शिवाय गाजर, कोथिंबीर, कधी बिस्किट.

परवा तिने छातीवरचे केस उपटून कोपऱ्यात गोळा केले. आजार आहे का काही? सासूबाई म्हणतात, मोहोळला मामांच्या शेतावर सोडून ये. मला द्यायची नाहीये.

उत्तर : विजापूर_वेस

ताई, पिंजऱ्यात ठेवा. आमच्याकडे दोन होते, दिवसातून तासभर सोडायचो. घर शाबूत राहिलं.

उत्तर : मागावरचा

ताई, वायरचं काम होईपर्यंत रात्री पिंजरा बंद ठेवा, इतकं वरच्या दादांचं बरोबर आहे. तेवीस तास कोंडलं तर मात्र ती गज चावत बसेल आणि पायाला जखमा होतील. मोहोळच्या शेतावर तर अजिबात नको. घरात वाढलेला पांढरा ससा कुत्र्यांपुढे एक रात्र टिकत नाही.

कूलरची वायर आख्खी बदला, जोड देऊन टेप गुंडाळू नका. नवी वायर कडक पीव्हीसी पाइपमधून घ्या, नाहीतर भिंतीवर तीन फूट उंचीवर केसिंग पट्टी मारून वरून न्या. मऊ नळी ती फोडते. बोर्डाला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या, घरातल्या माणसांसाठीही लागतोच. आणि कूलर बंद पडणं आपल्याकडे साधं नाही. मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो आणि सशाला ३० अंशांच्या पुढेच जड जातं. त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता बरीचशी कानांवाटे जाते. शहाबादी फरशीचा एक तुकडा आणि पंच्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली तिच्याजवळ ठेवत जा.

चादरीची मला वायरइतकीच भीती वाटते. मी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग दुरुस्त करतो. माझा पहिला ससा, बाळ्या, टॉवेलच्या चिंध्यांवर झोपायचा. मीच आणून घातल्या होत्या, मऊ म्हणून. तो धागे गिळत गेला. सशाला उलटी होत नाही, गिळलेलं पुढेच सरकायला लागतं. आधी लेंड्या बारीक झाल्या, मग धाग्यात ओवल्यासारख्या एकमेकींना लोंबत यायला लागल्या, मग थांबल्या. मला वाटलं, उन्हाने खात नसेल. तिसऱ्या दिवशी गेला. म्हणून पाया पडून सांगतो, चादर पेटीत टाका आणि लेंड्या रोज बघा. दहा-बारा तास खाल्लं नाही किंवा लेंडी पडली नाही, तर सकाळची वाट बघू नका, डॉक्टरांकडे जा.

केसांचं घाबरू नका. नर जवळ नसतानाही मादीचं शरीर कधी कधी गाभण असल्यासारखं वागतं. मग ती उकरते, केस उपटून पिलांसाठी घरटं करते. साधारण सोळा-अठरा दिवसांत निवळतं. तोवर तो केसांचा गोळा हलवू नका. गादीचा कोपरा म्हणजे तिच्या लेखी बीळच आहे, त्यात खोड्या काही नाहीत.

यावर खरा उपाय म्हणजे तिचं गर्भाशय काढायचं ऑपरेशन. न केलेल्या माद्यांना वय वाढलं की गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका मोठा असतो, त्यासाठीही करावंच. माझ्या चिंगीचं मी जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेआधी, पुण्याला नेऊन केलं. आधी किती सशांचं केलंय ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ‘रात्रीपासून उपाशी ठेवा’ म्हणाले तर दुसरे डॉक्टर बघा, सशाला उपाशी ठेवत नाहीत. चिंगीचं उकरणं महिनाभराने बरंच कमी झालं, पूर्ण थांबलं नाही.

कडक भाकरी आणि बिस्किट आजपासून बंद. पुढचे दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर वाढतात, खरं आहे. पण ते झिजतात गवताने, तासन् तास आडवं चघळून. भाकरीचा चुरा होऊन पोटात जातो आणि तिथे आंबतो. गाजर बोटाच्या पेराएवढं पुरे. विकतचं टिमोथी गवत महाग पडतं. मी फवारणी नसलेल्या बांधावरची हरळी आणून सावलीत वाळवतो. ते गवत दिवसरात्र समोर पाहिजे. चावायला पेरूची किंवा तुतीची फांदी द्या. कण्हेर विषारी, ती घरातही नको.

बुरुडाकडून एक पाटी आणा, त्यात गवत आणि खाकी कागद कोंबा आणि ती गादीच्या त्याच कोपऱ्यात ठेवा. जागा बदलली तर ढुंकून बघणार नाही. तिखट आणि आपटणं सोडा. तुम्ही जमिनीवर आडव्या पडून राहा, हात लावू नका. ती येईल.

साखरची आई

दादा, बाळ्याचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. चादर लगेच पेटीत ठेवली. लेंड्या बघितल्या, एकीला धागा होता, बाकी मोठ्या आणि गोल आहेत. खातेय नीट. डॉक्टरांकडे नेऊ का?

मागावरचा

आजच न्या, दुपारचं ऊन उतरल्यावर. लेंड्या कागदात बांधून सोबत घ्या, डॉक्टरांना दाखवायला बऱ्या.

साखरची आई

नेलं होतं. पोट मऊ आहे म्हणाले, गवत आणि पाणी भरपूर द्या, तीन दिवस लक्ष ठेवा. काल लेंडीत धागा नव्हता. वायर पाइपमधून घेतली. आणि आज पहाटे मी फरशीवर झोपले होते, तर माझ्या पावलाला नाक लावून गेली. तुमच्याकडची वाळलेली हरळी थोडी मिळेल का?

मागावरचा

पोतंभर आहे. रविवारी कारखान्याला सुट्टी असते, मेसेज करून घेऊन जा.