नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला बाहेरच्यांनी बसलं तर चालतं का?

पुणेकर_पाहुणा:
पुढच्या महिन्यात आईला घेऊन नांदेडला मावशीकडे चाललोय, आईला सचखंड गुरुद्वारा बघायचाच आहे. पण आपण शीख नाही, लंगरला जाऊन बसायचं म्हणजे मला उगाच फुकट जेवल्यासारखं वाटतं. तिथे सगळे पंजाबचेच असतात ना, मराठी चालते का? आणि आईचे गुडघे गेलेत, खाली बसता येत नाही.

गोदाकाठ:
बिनधास्त जा. हॉस्टेलला असताना मेस बंद असली की आमची अख्खी गँग तिकडेच जायची, कुणी कधी जात-धर्म विचारला नाही. डोक्याला रुमाल बांधा, रोटी दोन्ही हात पुढे करून घ्यायची (तिला तिथे प्रसादा म्हणतात), ताटात टाकू नका, बस. फुकट वाटतच असेल तर जेवून झाल्यावर भांडी घासायला उभे राहा. आईंचं सेवादाराला (तिथे सेवा करणाऱ्याला) सांगा, काहीतरी सोय करतात.

मोंढ्यावरचा:
"सगळे पंजाबचेच" वाचून हसूच आलं राव 😄 आताची इमारत महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ मध्ये बांधून घेतली, त्या सुमारास उत्तरेकडून आलेली बरीच माणसं इकडेच राहिली, त्यांना दखनी शीख म्हणतात. माझ्या वर्गातल्या सरदाराला मराठीत माझ्यापेक्षा जास्त मार्क पडायचे आणि घरी त्यावरून मला बोलणी बसायची. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी गुरुगादी ग्रंथसाहिबला दिली ती इथेच, म्हणून हे शिखांच्या पाच तख्तांपैकी (मुख्य धर्मपीठांपैकी) एक. आणि त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत, मग परकं कसलं वाटतंय?

गोदाकाठ:
+१. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पंजाबचे हजारो यात्रेकरू इथेच अडकून पडले होते, तेव्हा त्यांचं राहणं-खाणं गुरुद्वाऱ्यानेच बघितलं.

जुना_नांदेडकर:
संध्याकाळी जा, आरती चुकवू नका, नंतर जुनी शस्त्रं दाखवतात. सकाळी लवकर उठणं जमलं तर गोदावरीचं पाणी गागरीत भरून आणतात तेही बघा, रोज आणतात. दसऱ्याला हल्लाबोलची मिरवणूक असते, घोडे, निहंग (शस्त्रधारी शीख), सगळं, पण त्या गर्दीत आईंना अजिबात नेऊ नका. गाडी पण लांबच लावा, आतल्या गल्ल्यांत घुसलात की अडकलात.

पुणेकर_पाहुणा:
मोंढ्यावरचे, चुकलो बाबा 🙏 आई म्हणते भांडी नको, लसूण सोलायला दिला तर खुर्चीवर बसून सोलीन. असं चालतं का हो?

गोदाकाठ:
चालतं की. ढिगाने असतो.