मदत हवी आहे: भंडारदरा, दोन पोरं आणि आई. शिडी नसलेल्या वाटा सुचवा

नमस्कार मंडळी,

दसऱ्याच्या आसपास तीन दिवस भंडारदऱ्याला जायचं घाटतंय. ठाण्याहून स्वतःची गाडी, मुक्काम तिथल्या शेंडी गावात. आम्ही दोघं, मुलगी नऊ वर्षांची, मुलाला नुकतंच सहावं लागलंय आणि आई, वय ६८, उजवा गुडघा कुरकुरतो पण सपाटीवर माझ्या पुढे चालते.

आधी मागची कथा सांगतो म्हणजे कोणी परत तेच सुचवणार नाही. गेल्या ऑगस्टमध्ये एका रविवारी कळसूबाई केलं, म्हणजे करायला निघालो होतो. एका ग्रुपबरोबर गेलेलो, जाहिरातीत "फॅमिली ट्रेक, एकदम सोप्पा" वगैरे होतं. एका शिडीच्या खाली पाऊण तास लाइनीत उभे, वरून पाऊस, मागचे ढकलतायत, वरचे उतरताना त्याच शिडीवरून येतायत, आणि पोरगं रेनकोटच्या टोपीत तोंड खुपसून हमसून हमसून रडतंय. लीडर केव्हाच पुढे गेलेला. शेवटी त्याला पाठुंगळी घेऊन मीच उतरलो, लेक आईचा हात धरून मागून. तेव्हापासून डोंगर म्हटलं की साहेबांचा पहिला प्रश्न, "बाबा, शिडी आहे का?"

तर यावेळी शिखर-बिखर नकोय. दोन-अडीच तास चालणं, वाटेत पाणी, झाडी, खेकडे बघायला मिळाले तर सोन्याहून पिवळं, आणि पोरं दमली की कुठूनही मागे फिरता आलं पाहिजे. रतनगड अर्धा करण्यात काही मजा आहे का? सांदणची घळ सहा वर्षांच्या मुलाला झेपेल का? आईला नुसतं हॉटेलच्या गॅलरीत बसवून जायला जिवावर येतं, तिच्यासाठी काय? आगाऊ धन्यवाद.

कारवी: सगळ्यात आधी तारखा बघा. नवरात्रात कळसूबाईला यात्रा असते, पायथ्याच्या बारी गावाच्या रस्त्यावर गाड्याच गाड्या. तुम्ही घोटीवरून येणार म्हणजे बारीवरूनच जावं लागणार, तर पहाटे निघा किंवा सरळ दसरा झाल्यावर जा.

रतनगड अर्धा कराच. रतनवाडीतून निघालात की सुरुवातीची वाट पाण्याच्या सोबतीने जाते, पात्रातले दगड, मग दाट झाडी, चढ नंतर लागतो. गडाच्या शिड्या अगदी वर कड्याला आहेत, तिथवर मोठ्या माणसाला दोन-अडीच तास लागतात. तुम्ही घड्याळ लावून सव्वा तास चाला आणि जिथे असाल तिथे डबा उघडा. ती नदी म्हणजे प्रवरा, रतनगडावरच उगम. आईंना सांगा की नेवाशात माऊलींनी जिच्या काठी बसून निरूपण केलं तीच ही, इथे पोरं उडी मारून ओलांडतायत. माझ्या सासूबाईंनी हे ऐकून चप्पल काढून पाण्यात पाय घातले होते. बूट चांगल्या ग्रिपचे घ्या, शाळेचे स्पोर्ट्स शूज शेवाळावर सपशेल घसरतात.

उनाड_मावळा: काहीही काय लोक घाबरतात. आमच्या चिरंजीवांनी पाचव्या वर्षी कळसूबाई केलंय, पूर्ण, शिड्यांसकट. १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर, फोटो आहे वरचा. भीती तिथल्या तिथे मोडायला हवी.

धागाकर्ता: @उनाड_मावळा, अभिनंदन, मनापासून. पण मला भीती मोडायची नाहीये, मला त्याने परत डोंगरात यायला हवंय.

कारवी: +१

राजूरकर: मी इथलाच. सांदणबद्दल स्पष्टच लिहितो, राग मानू नका. साम्रद गावातून घळीच्या तोंडापर्यंत चालत जा, ते सगळ्यांना जमतं, बघण्यासारखंही आहे. आत मात्र सहा वर्षांचं मूल नेऊ नका. ट्रकएवढ्या धोंड्यांवरून चढउतार आहे, आणि पावसाळा संपल्यावर आतल्या डबक्यांत पाणी मोठ्या माणसाच्या कमरेच्या वर असू शकतं, म्हणजे पोराच्या डोक्यावरून. दसऱ्याला परतीचा पाऊस गेलेला असतोच असं नाही. वर डोंगरात सर आली तर ते सगळं पाणी त्याच चिंचोळ्या नाळेतून येतं, बाजूला व्हायला जागा नाही. आत जायचंच असेल तर मार्चमध्ये या, गावातला वाटाड्या घ्या.

जलाशयाचं पण तेच. काठ छान हिरवा दिसतो म्हणून पोरांना पाण्यात सोडू नका, दोन पावलांवर एकदम खोल होतं. धरण १९२६ सालचं आहे, विल्सन डॅम, खाली अख्खी दरी बुडालेली आहे. शेंडीहून रतनवाडीकडे बोट मिळते, पाणी आणि वारा बघून सोडतात, आदल्या दिवशी विचारून ठेवा. लाइफ जॅकेट मोठ्यांच्या मापाची असतात, मुलाला त्यात घातलं तर तो वरून निसटेल. घरचं असेल तर आणा, नाहीतर गाडीने जा, रस्ता तळ्याला वळसा घालूनच आहे.

आणि हो, अंब्रेला फॉल बघायला म्हणून मुद्दाम येऊ नका, धरणातून पाणी सोडलं तरच तो दिसतो. रंधा फॉल बघा, पण रेलिंगच्या अलीकडून. पेढे राजूरचे घ्या.

आजीचा_बटवा: आईंसाठी दोन जागा. एक, रतनवाडीतलं अमृतेश्वर. गाडीतून उतरून पाच मिनिटं. कोरीव काम बघायला निवांत तास काढा, आणि शेजारची पुष्करणी चुकवू नका. भर पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. तुम्ही वर चालत असाल तोवर त्या इथे मजेत बसतील, गावात एखाद्या घरी पिठलं-भाकरी आधी सांगून ठेवा.

दुसरी जागा पट्टागड, म्हणजे विश्रामगड. जालन्याच्या मोहिमेवरून परतताना १६७९ मध्ये महाराज इथे विसाव्याला राहिले म्हणून ते नाव. पट्टावाडीतून पायऱ्या आहेत, शिडी नाही (साहेबांना कळवा). वर पट्टाई देवीचं देऊळ आणि प्रशस्त पठार, सोनकी असेल तर सगळं पिवळंजर्द. माझा गुडघा तुमच्या आईंपेक्षा वाईट आहे, मी दोन काठ्या घेऊन बसत-उठत गेले. उतरताना जास्त दुखतं, तेव्हा नी-कॅप उतरायच्या आधी चढवायची, दुखायला लागल्यावर नाही.

लेकीला मोठा ट्रेक हवा असेल तर एक दिवस पार्टी फोडा. एकाने तिला घेऊन पाचनईतून हरिश्चंद्रगड करावा, त्या बाजूने शिड्या नाहीत. पण भंडारदऱ्याहून पाचनईला गाडीने दीड तास तरी जातो, कोकणकड्यावर तिचा हात सोडायचा नाही, आणि अंधाराच्या आत खाली.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार, जाऊन आलो. दसऱ्यानंतरच्या मंगळवारी गेलो, बारीला एकही गाडी आडवी आली नाही. सांदण तोंडावरूनच बघितलं. रतनवाडीला मात्र सव्वा तास चालायचं ठरलं होतं ते चाळीस मिनिटांवरच अडलं, कारण पहिल्याच मोठ्या ओढ्यात दगडाखाली खेकडा सापडला आणि मग दोघंही प्रत्येक दगड उचलून बघत बसले. तिथेच डबा खाल्ला. आई देवळातून आमच्या मागून चालत आली, एकटी, म्हणे तुम्ही एवढ्यातच असाल माहिती होतं.

पट्टागड राहिला. @आजीचा_बटवा, डिसेंबरमध्ये वर वारा फार असतो का? सहा वर्षांच्याला कानटोपी पुरेल की विंडचीटर घेऊ?