टीयूजीचे आकडे जुळत नाहीत, मदत हवी आहे

दांडियाबाजार_फिजिओ: आजी, वय ७६. टीयूजी (खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून परत येऊन बसायला लागणारा वेळ) दवाखान्यात ११ सेकंद, घरी १७. दोन्ही वेळा मीच घेतली. महिन्यात दोनदा पडल्यात. कुठला आकडा धरू? संध्याकाळी त्यांच्या मुलाला सांगायचंय.

स्टॉपवॉच: घरी बसवलं कशावर?

दांडियाबाजार_फिजिओ: झोपाळ्यावर. त्या तिथेच बसतात.

स्टॉपवॉच: मग झालं! कड्या धरून झोपाळा थांबेपर्यंतच घड्याळ पळालं असणार. न हलणारी, हातांची खुर्ची घ्या, बैठक ४६ सेंमीच्या आसपास. तीन मीटर टेपने मोजून चिकटपट्टी लावा, पावलांनी नको. पाठ टेकलेली, रोजच्याच चपला, काठी असेल तर काठी. एक फेरी सरावाची. ‘चला’ म्हणताच सुरू, परत बसल्या की बंद. १२ सेकंद किंवा जास्त म्हणजे पडण्याचा धोका.

रावपुराकर: टीयूजी सोडा, बर्ग (तोलाची चाचणी) घ्या. १४ कृती, ५६ गुण. ४५च्या खाली गेलं की धोका समजायचा.

स्टॉपवॉच: वीस मिनिटं लागतात आणि त्यात चालणं कुठंय? शिवाय ४५ ही काही लक्ष्मणरेषा नाही.

रावपुराकर: १२ आहे वाटतं?

कमाटीबाग_सकाळी: पहाटे दवावर अनवाणी चालवा. तोल आपोआप येतो.

रावपुराकर: ओल्या गवतावर? दोनदा पडलेल्या बाईंना?

नीलिमा_व: पडल्या कधी, कुठे?

दांडियाबाजार_फिजिओ: दोन्हीदा पहाटे, पलंगावरून उठून बाथरूमकडे जाताना.

नीलिमा_व: हे आधी सांगायचं ना! पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घ्या. उभं करून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा २० किंवा खालचा १० उतरला, तर टीयूजी कितीही चांगली येवो, पडण्याचा धोका आहेच. घेताना शेजारी उभे राहा, पट्टा दंडावरून काढू नका. गोळ्या कुठल्या?

सुबोध_टाइल्स: बाथरूमला खरखरीत टाइल लावा, चकचकीत नको.

दांडियाबाजार_फिजिओ: आडवं १४२/८०, एका मिनिटाला ११६/७०, डोळ्यांपुढे अंधारी. खुर्चीवर टीयूजी १२.५. बीपीची गोळी आणि रात्री झोपेची.

नीलिमा_व: २६ उतरला. आकडे आणि गोळ्यांची यादी आजच डॉक्टरांकडे. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. तोवर पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसायचं, घोटे दहादा वर-खाली, मग उठायचं. दिवा हाताशी. चपला कसल्या?

दांडियाबाजार_फिजिओ: मागून उघड्या, सपाता.

नीलिमा_व: बदला. मागून बंद, पातळ तळाच्या.

रावपुराकर: आणि बर्ग घ्याच.