अपरिचित स्थळाचे नाव बाळाला द्यावे का?

शिशिरा (चर्चाप्रस्ताव)

आमच्या मुलीचे नाव 'नुब्रा' ठेवावे असे आम्हा दोघांच्या मनात आहे. लडाखमधील सुमारे तीन हजार मीटर उंचीवरच्या ज्या दरीत श्योक आणि नुब्रा या नद्या एकमेकींना मिळतात, तिचे हे नाव. घरातील वडीलधाऱ्यांचा आक्षेप असा की हे माणसाचे नाव नव्हे. मला तो पटत नाही, कारण काशी, मथुरा, द्वारका, गोदावरी ही स्थळांची आणि नद्यांचीच नावे आहेत आणि कित्येक पिढ्या ती माणसांनी निःसंकोच वापरली आहेत. फरक आहे तो केवळ सवयीचा.

हे नाव मला आवडण्याचे आणखी एक कारण आहे आणि माझ्या दृष्टीने तेच मुख्य आहे. नुसत्या नावावरून समोरच्या व्यक्तीचा धर्म आणि जात ताडण्याची जी खोड आपल्याला जडली आहे, तिला अशा नावात काहीच हाती लागत नाही. शिवाय नाव दोन अक्षरी आहे आणि उच्चारायला सोपे आहे. विरोधी मते अवश्य मांडावीत.

काठावरून

माझा विरोध आहे, आणि तो नावाच्या विचित्रपणामुळे नाही. स्थळाचे नाव आईवडिलांच्या आयुष्यातील एखादा काळ जपून ठेवते. मुलीचा त्या काळाशी संबंध नसतो. ती मोठी झाल्यावर प्रत्येक नवी ओळख 'हे नाव कसे काय?' या प्रश्नाने सुरू होईल आणि उत्तरादाखल तिला स्वतःबद्दल काही न सांगता तुमच्या प्रवासाबद्दल सांगावे लागेल.

दुसरे असे की स्थळाचे पुढे काय होईल हे कोणाच्याही हातात नसते. भोपाळ हे १९८४ पूर्वी तलावांचे शहर म्हणून ओळखले जात होते आणि चेर्नोबिल हे नाव १९८६ पूर्वी त्या परिसराबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. आज ही दोन्ही नावे उच्चारताच आधी दुर्घटना आठवते. राजवटी शहरांची नावेही बदलतात. सेंट पीटर्सबर्गचे १९१४ मध्ये पेट्रोग्राड झाले, १९२४ मध्ये लेनिनग्राड झाले आणि १९९१ मध्ये मूळ नाव परत आले. शहराला असे बदल पेलतात, परंतु त्या नावाने वावरणाऱ्या माणसाने काय करायचे?

अनुस्वार

वरील प्रतिसादातील दुसरा मुद्दा मला अतिशयोक्त वाटतो. जगातील बहुतेक स्थळांवर असा प्रसंग येत नाही, आणि एखाद्या कुप्रसिद्ध माणसामुळे नाव काळवंडण्याचा धोका तर माणसांच्या रूढ नावांनाही तितकाच असतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे उदाहरण पाहावे. त्यांचा जन्म १८२० मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला आणि आईवडिलांनी त्या शहराचेच नाव त्यांना दिले. त्या काळी इंग्लंडमध्ये मुलीसाठी हे नाव फारसे प्रचलित नव्हते. त्यांच्या कीर्तीनंतर असंख्य मुलींची नावे फ्लॉरेन्स ठेवली गेली. आजही ही इच्छा मावळलेली नाही. क्रिकेटपटू जॉन्टी ऱ्होड्स यांनी २०१५ मध्ये मुंबईत जन्मलेल्या आपल्या मुलीचे नाव 'इंडिया' ठेवले. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्वतःच्या नावातच एक नगरी होती, आणि १९४२ मध्ये चीनमध्ये जन्मलेल्या त्यांच्या मुलाचे 'यिन्हुआ' हे नाव तर भारत आणि चीन या दोन देशांच्या चिनी नावांतील एकेक अक्षर घेऊन तयार झाले. वडील त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वारले. त्या मुलाजवळ वडिलांच्या देशाची खूण म्हणून निदान स्वतःचे नाव तरी राहिले. स्थळाचे नाव एवढे मोलाचे ठरू शकते.

काठावरून

अनुस्वार, आपण दिलेली उदाहरणे माझ्याच बाजूची आहेत. फ्लॉरेन्सच्या थोरल्या बहिणीचा जन्म १८१९ मध्ये नेपल्स येथे झाला आणि तिला त्या ठिकाणच्या प्राचीन ग्रीक वसाहतीवरून 'पार्थेनोपी' हे नाव मिळाले. आईवडील तेच होते आणि नाव ठेवण्याची रीतही तीच होती. मात्र पार्थेनोपी हे नाव कोणी उचलले नाही. फ्लॉरेन्सचे नाव रुजले ते त्या बाईंच्या असामान्य कर्तृत्वामुळे, आणि कोणत्याही बाळाकडून तशी अपेक्षा धरून नाव ठेवणे योग्य नाही.

कोटणीसांच्या मुलाच्या बाबतीत तर दोन्ही देश त्याचे स्वतःचे होते, एक वडिलांकडून आणि एक आईकडून. ऱ्होड्स यांची मुलगी जिथे जन्मली त्या देशाचे नाव तिला मिळाले. शिशिरा, आपल्या मुलीचा त्या दरीशी असा कोणता संबंध आहे? तिथल्या लोकांसाठी नुब्रा हे राहण्याचे, कष्ट करण्याचे ठिकाण आहे. आपल्याला ते सुंदर वाटले, एवढ्यावरून ते नाव उचलावे का, याचाही विचार व्हायला हवा.

पायवाट

आइसलँडमध्ये १९९१ पासून नावांना मान्यता देणारी समिती आहे आणि नावामुळे ते धारण करणाऱ्याला त्रास होऊ नये, अशी तिथे एक अट आहे. माझ्या मते हाच निकष लावावा. 'नुब्रा' ऐकून कोणी हसणार नाही आणि त्यात अपमानास्पद असेही काही नाही. ठेवावे.

शिशिरा

काठावरून यांचा संबंधाविषयीचा प्रश्न मला सर्वांत वजनदार वाटतो आणि त्यावर आम्ही दोघे पुष्कळ बोललो. तरीही माझे मत कायम आहे. जन्माने जुळलेला संबंध ही अट घातली तर नद्यांची, तीर्थांची, फुलांची बहुतेक नावे बाद होतील. ज्यांनी मुलीचे नाव गोदावरी ठेवले, ते सगळे काही त्या नदीकाठी राहत नव्हते. शिवाय नावांचा प्रवास दोन्ही दिशांनी होत आला आहे. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहराला १८३६ मध्ये राणी ॲडलेडचे नाव दिले गेले. आज एखाद्या मुलीचे नाव ॲडलेड ठेवले तर ते शहराचे की राणीचे, हे कोण ठरवणार? तिथल्या लोकांविषयीचा आदर मात्र नाव ठेवून संपत नाही, हे मला मान्य आहे. मुलीला त्या दरीचा इतिहास आणि तिथले जीवन समजावून सांगणे ही आमची जबाबदारी राहील. तिला नाव रुचले नाही, तर सज्ञान झाल्यावर ते बदलण्याचा मार्ग खुला असेलच.

काठावरून

शेवटच्या वाक्यावर कृपा करून विसंबू नका. तोपर्यंत शाळेच्या दाखल्यापासून पारपत्रापर्यंत सर्व कागदांवर जुने नाव लागलेले असते आणि ते बदलून घेण्याचा खर्च, खेटे आणि खुलासे हे सारे तिलाच करावे लागते. नाव ठेवायचेच असेल, तर ते तिला जन्मभर वापरावे लागेल असे गृहीत धरूनच ठेवा.