गच्चीवर सगळ्यांना घेऊन हॉरर कॉमेडी बघायची आहे. सिनेमा कोणता निवडावा, मांडणी कशी करावी?

होटगीरोडकर
नमस्कार मंडळी. मेच्या सुट्टीत पाहुणे धरून बारा जण असणार. सगळ्यात धाकटा नऊ वर्षांचा, सगळ्यात थोरल्या आजी ७२ च्या. दिवसभर उन्हाने घरात बसवत नाही, म्हणून रात्री गच्चीवर भाड्याचा प्रोजेक्टर लावून सिनेमा दाखवायचा बेत आहे. भुताचा पाहिजे, पण हसवणारा. मी असले सिनेमे कधीमधी बघतो, त्यातला जाणकार नाही. पोरगं रात्री झोपलं पाहिजे, आजींना अवघडल्यासारखं होऊ नये आणि कॉलेजच्या पोरांना कंटाळा येऊ नये, असा कुठला निवडू? ‘स्त्री’ची मालिका दाखवायची तर क्रमाने बघावी लागते का? आणि गच्चीवर चित्र-आवाज नीट यावा म्हणून काय करायचं?

दुसरी_रांग
दादा, आधी एक गोष्ट ठरवा: सिनेमात भूत खरं पाहिजे की खोटं? या प्रकाराचे सरळ दोन गट पडतात. एकात भूत खरंच असतं आणि माणसं घाबरून जे काही करतात त्यावर हसू येतं. ‘स्त्री’, ‘मुंज्या’, ‘झपाटलेला’ हे त्यातले. दुसऱ्यात भुताचा नुसता बभ्रा असतो आणि शेवटी उलगडा वेगळाच निघतो. २००७ चा ‘भूल भुलैया’ हा तसा. लहान पोरांना दुसरा गट सोपा जातो असं लोक धरून चालतात, पण ‘भूल भुलैया’चा शेवटचा अर्धा तास चांगलाच गंभीर आहे. शिवाय लांबी अडीच तासांच्या वर, म्हणजे नऊ वर्षांचं पोरगं नेमकं तिथे पोचेपर्यंत पेंगुळलेलं असणार.

तुमच्या घोळक्याला माझ्या मते ‘झपाटलेला’ (१९९३) सगळ्यात बरा. भाषा आपली, लक्ष्मीकांत बेर्डे, आणि द्व्यर्थी विनोदाचा त्रास जवळजवळ नाही. तात्या विंचूचा बाहुला बोलक्या बाहुल्यांचे कलाकार रामदास पाध्ये यांचा आहे, संगणकावर केलेला नाही. म्हणूनच तो आजही अंगावर येतो, कारण पडद्यावर खरी वस्तू हलताना दिसते. पोराला सिनेमाआधी बोलक्या बाहुल्यांचा एखादा कार्यक्रम दाखवा आणि बाहुल्याचा जबडा आतून हाताने कसा हलवतात ते सांगा. मग त्याचं अर्धं लक्ष ‘हे कसं केलं असेल’ याकडे जातं. सिनेमा संपल्यावर सांगितलं तर उपयोग नाही, तोवर भीती बसलेली असते.

‘मुंज्या’ (२०२४) कोकणातला आहे, दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. मुंज झालेला पण सोडमुंज न झालेला मुलगा गेला तर पिंपळावर राहतो, ही समजूत आजींना ठाऊक असेल, त्या पोरांना गोष्ट फोड करून सांगतील. पण सुरुवातीलाच एका मुलाचा मृत्यू आहे आणि भूतही लहान मुलाचंच. नऊ वर्षांच्या पोराला नेमकं तेच टोचतं. बाराच्या पुढच्यांना चालेल.

‘स्त्री’ (२०१८) हा लिखाणाच्या बाबतीत या सगळ्यांत सरस. चंदेरीच्या गल्ल्या, रात्री एकट्या पुरुषाला उचलून नेणारी बाई आणि मागे राहिलेले त्याचे कपडे. ‘बायकांनी रात्री बाहेर पडू नये’ हा नियम पुरुषांवर उलटवला की काय होतं, ते हसत हसत दाखवलंय. पण बाप-मुलाच्या बोलण्यात आणि मित्रांच्या थट्टेत चावट भाग बराच आहे. आजी शेजारी असताना पोरं मान खाली घालतील. तो कॉलेजच्या पोरांना वेगळा दाखवा.

‘स्त्री’च्या मालिकेचा क्रम: ‘स्त्री’, ‘भेडिया’ (२०२२), ‘मुंज्या’, ‘स्त्री २’ (ऑगस्ट २०२४), ‘थामा’ (२०२५). एखादा गाळायचाच तर ‘मुंज्या’ गाळा, त्याची गोष्ट स्वतंत्र आहे. ‘भेडिया’ मात्र गाळू नका. ‘स्त्री २’च्या शेवटी त्यातला माणूस येतो, तेव्हा नवा प्रेक्षक ‘हा कोण?’ म्हणून शेजाऱ्याला विचारत बसतो आणि शेवटची मारामारी हातची जाते. नावं सुरू झाली म्हणून बंदही करू नका, पुढच्या सिनेमाचा दुवा बहुतेक वेळा तिथेच दिलेला असतो. ‘भूल भुलैया’च्या तिन्ही भागांच्या गोष्टी मात्र वेगवेगळ्या, कुठूनही धरा.

आवाजवाला
सिनेमाचं वर आलंच आहे, मी मांडणीचं सांगतो. गच्चीवर हॉरर कॉमेडी फसते ती आवाजामुळे.

भाड्याचा प्रोजेक्टर आणि ब्लूटूथ स्पीकर ही जोडी टाळा. ब्लूटूथमध्ये आवाज साधारण सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग उशिरा पोचतो. गाण्यात चालून जातं. इथे भूत आधी दिसतं आणि ‘धाड’ नंतर ऐकू येतं, म्हणजे दचकाही गेला आणि त्यामागून येणारं हसूही गेलं. साडेतीन मिलिमीटरची ऑक्स वायर (हेडफोनसारख्या पिनची) घ्या, पाच-दहा मीटरची सहज मिळते. स्पीकर पडद्याखाली ठेवा, प्रेक्षकांच्या मागे नको.

दुसरी अडचण अशी की या सिनेमांत कुजबुज फार हळू आणि दचका फार मोठा असतो. संवाद कळेनात म्हणून कुणीतरी आवाज वाढवतं आणि पुढच्याच मिनिटाला शेजारची बिल्डिंग जागी होते. अ‍ॅपच्या ऑडिओ मेनूत ५.१ (सहा स्पीकरसाठीचा आवाज) ऐवजी साधा, दोन स्पीकरचा स्टिरिओ निवडा. ५.१ चे संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात, दोनच स्पीकर असले की काही यंत्रांवर ते दबतात. ‘नाईट मोड’ किंवा ‘ऑटो व्हॉल्यूम’ असेल तर चालू करा. मग आवाज एकदाच लावायचा, तोही कुजबुजीच्या प्रसंगावर, गाण्यावर नाही.

पडदा: सोलापुरी चादर पुढे लावू नका, नक्षी चित्रातून डोकावते. पांढरी जाड बेडशीट दुहेरी करून ताणा, खालच्या काठात बांबू घाला, नाहीतर वाऱ्याने भूतही हलेल आणि भिंतही. सोलापुरी चादर त्या बेडशीटच्या मागे बांधा. जाड वीण असल्याने मागच्या रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडद्यातून पुढे येत नाही.

प्रोजेक्टर घेताना खोक्यावरचे ‘लुमेन’ (उजेडाचं माप) बघू नका, ‘अँसी लुमेन’, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेले, किती ते विचारा. १०० इंची चित्राला निदान ५०० हवेत. तेवढे नसतील तर चित्र ७० इंचांवर आणा. लहान पण उजळ चित्र बरं, कारण या सिनेमांचा अर्धा खेळ अंधारातच असतो. चित्र काळपट वाटलं म्हणून ब्राइटनेस वाढवाल तर काळ्याचं राखाडी होईल. आधी इको मोड बंद करा, मग गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) एक घर उजळ करा.

वेळेचं गणित: मेमध्ये सूर्य ७ च्या आतच मावळतो, पण पडद्यापुरता अंधार व्हायला साडेसात होतात. रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर लावायला बंदी आहे. म्हणजे हातात अडीच तास, त्यातून जेवणाची सुट्टी वजा. सिनेमा दोन-सव्वादोन तासांचाच धरा. वळवाचा भरवसा नाही, प्रोजेक्टरवर टाकायला प्लास्टिकचा कागद आणि वायरचं बोर्ड विटेवर उचलून ठेवा. सिनेमा आधीच डाउनलोड करा. लाइट गेल्यावर प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर चालतो आणि राउटर बंद पडतो, हे हमखास होतं.

होटगीरोडकर
ऑक्स वायरचं डोक्यातच नव्हतं, धन्यवाद. शेजारचं तेलुगू बोलणारं कुटुंबही येतो म्हणतंय. त्यांच्या आजींना हिंदी जेमतेम. डब केलेला लावू का?

साखरपेठ_अण्णा
अण्णा, डब करून विनोद निम्मा उरतो. धाप लागलेली, शब्द गिळलेला, मध्येच थांबलेला असं मूळ नटाचं टायमिंग असतं, डबिंगवाला ते ओठांवर बसवताना सपाट करतो. सबटायटलचा वेगळा घोळ: ओळ आधी वाचून होते आणि नट बोलायच्या आतच हसू येऊन जातं. त्यात गच्चीवर मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला ती वाचता येत नाही.

त्या अज्जींना गोष्ट माहीत असलेला सिनेमा निवडा. ‘भूल भुलैया’चं मूळ १९९३ चा मल्याळम ‘मणिचित्रताळ’. तीच गोष्ट कन्नडमध्ये ‘आप्तमित्र’ (२००४) आणि तमिळमध्ये रजनीकांतचा ‘चंद्रमुखी’ (२००५) म्हणून आली, ‘चंद्रमुखी’ तेलुगूतही गेला. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत यातला एखादा बघितलेला असतोच. गोष्ट ठाऊक असली की भाषा अडत नाही, उलट त्या पोरांच्या आधी हसतील. लांबीची अडचण वर सांगितलीच आहे, तेव्हा तो दुसऱ्या दिवशी घरात, टीव्हीवर दोन भाग करून. गच्चीवर ‘झपाटलेला’च ठेवा. बाहुला अंगावर धावून येतो यात भाषेचं काय काम?

कॉलेजच्या पोरांसाठी दोन नावं. ‘शॉन ऑफ द डेड’ (२००४): ९९ मिनिटं, पण रक्तपात भरपूर, पोरगं झोपल्यावरच. त्यात नायक सकाळी दुकानात जातो, आजूबाजूला झोंबी फिरत असतात आणि याला झोपेत पत्ता नसतो. सगळा विनोद चौकटीच्या कडेला आहे, मोबाइलवर बघाल तर हाती काहीच लागणार नाही. दुसरा जपानी ‘वन कट ऑफ द डेड’. पहिली ३७ मिनिटं एकाच शॉटमध्ये आहेत आणि मुद्दाम ओबडधोबड वाटतात: नट अडखळतात, मध्येच उगीच थांबतात. बहुतेक जण तिथेच बंद करतात. करू नका. त्या प्रत्येक अडखळण्याचं कारण पुढच्या तासाभरात एकेक करून उघडतं आणि पोट धरून हसायला लावतं. याची गोष्ट आधी वाचायची नाही, ट्रेलरही नको.

शेंगाचटणी
धाकट्याचं थोडं. दचका येणार हे आधी ओळखू येतं, त्याला तेवढं शिकवा: पार्श्वसंगीत एकदम थांबतं, माणूस चौकटीच्या एका कडेला जातो आणि त्याच्या खांद्यामागे उगीच मोकळी जागा राहते. आरसा किंवा कपाटाचं दार उघडलं की बंद होताना लक्ष ठेवायचं. आणि डोळे नाही, कान झाकायचे. अंग दचकतं ते मुख्यतः अचानक आलेल्या आवाजाने. डोळे मिटले की कानच जास्त टवकारतात.

त्याला आजीशेजारी मध्ये बसवा, स्पीकरपासून लांब, आणि जिन्याच्या दाराकडे पाठ नको. घाबरला तर चालू प्रसंगात उचलून खाली नेऊ नका. दचक्यानंतरचा विनोद बघितला की भीती उतरते, मध्येच उठवलं तर नुसता दचकाच लक्षात राहतो. दोन मिनिटं थांबा, मग न्या.

चिवडा, शेंगा काय द्यायचं ते कागदाच्या द्रोणात द्या. प्लास्टिकच्या पिशव्या कुरकुरल्या की नेमकी कुजबुज बुडते. सिनेमा संपल्यावर खाली उतरताना जिन्यातला दिवा आधी लावून ठेवा, नाहीतर मोठी पोरं तिथेच तात्या विंचू करतात.