अण्णांचा अँड्रॉइड ६ चा फोन रीसेट करू का? (भजनांची रेकॉर्डिंग्ज आहेत)

नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे.

अण्णांचा (वडील, वय ७४) फोन २०१५ चा. अँड्रॉइड ६ वर येऊन थांबला, पुढे अपडेट नाही. आता फोन आला तर रिंग वाजून संपते तेव्हा कुठे स्क्रीन उजळते. नवा घेऊन दिलाय, तो कपाटात. "हा हाताला बसलाय," एवढंच उत्तर.

चौकातला मोबाइलवाला म्हणतो, "फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखा पळेल." म्हणजे रीसेटच, फोनमधलं सगळं पुसून. मला धाकधूक आहे ती अ‍ॅप्सची. आत्ता जी चालतात ती रीसेटनंतर परत मिळतील का? भजनी मंडळाची दहा वर्षांची रेकॉर्डिंग्ज मेमरी कार्डावर आहेत, म्हणजे ती तरी सुरक्षित. बरोबर ना?

जुना_चार्जर:
नाही! आधी ते कार्ड बघा. अँड्रॉइड ६ पासून कार्ड 'अंतर्गत स्टोरेज' म्हणून जोडायची सोय आली. तसं जोडलं असेल तर कार्डावरचं सगळं कुलूपबंद असतं आणि किल्ली फोनमध्ये असते. रीसेट केलात की किल्ली गेली. मग कार्ड हातात राहील, भजनं नाही.

फोन बंद करून कार्ड काढा, संगणकात घाला. 'फॉरमॅट करा' असं विचारलं तर समजा कार्ड तसंच जोडलंय, चुकूनही हो म्हणू नका. परत फोनमध्ये घाला, चालेल. मग फोनच केबलने जोडून फायली उतरवा. व्हॉट्सअ‍ॅपचा फोल्डरही घ्या, स्थानिक बॅकअप (गप्पांची फोनमध्येच ठेवलेली प्रत) त्यातच असतो.

अ‍ॅप्सचं म्हणाल तर रीसेटने फोन अँड्रॉइड ६ सोबत आलेल्या मूळ अ‍ॅप्सवर जातो. प्ले स्टोअर या फोनला चालेल अशी शेवटची आवृत्ती देतं, ती असली तर. क्रोमची अँड्रॉइड ६ साठीची शेवटची १०६, म्हणजे २०२२ ची. बँकेच्या अ‍ॅपची आशा धरू नका.

दुपारचा_चहा:
गुगलचा पासवर्ड माहीत आहे का? दुकानात बटणं दाबून रीसेट मारतात, त्यानंतर फोन जुनंच खातं मागतो. आमच्या काकांचा फोन असाच पेपरवेट झाला. रीसेट करायचाच तर सेटिंग्जमधून, आणि आधी खातं काढून. सुरू झाल्यावर तारीख जुनी दिसली तर पहिली ती बदला, नाहीतर इंटरनेट असूनही लॉगिन होत नाही.

बाकी २०१५ ची बॅटरी आणि १६ जीबीची जागा रीसेटने तरुण होत नाही हो.

धागाकर्ता:
जुना_चार्जर, तुमचे पाय कुठे आहेत? कार्ड संगणकात घातलं आणि तोच प्रश्न आला, 'फॉरमॅट करायचं का'. हात थरथरला. रद्द केलं, कार्ड परत फोनमध्ये घातलं, भजनं वाजली. आता केबलने उतरवतोय, गोगलगाईच्या वेगाने. अण्णा शेजारी बसून प्रत्येक फाइल कोणत्या एकादशीची ते सांगतायत.

रीसेट तूर्त बाजूला. पासवर्ड कुणालाच माहीत नाही. खातं फोन घेताना दुकानातल्या पोऱ्याने उघडलं होतं आणि रिकव्हरीला (पासवर्ड विसरल्यास खातं परत मिळवायला) नंबर स्वतःचाच टाकला होता. तो पोऱ्या आता पुण्यात रिक्षा चालवतो म्हणे. शोधतोय.