पुन: मार्टिना ४३, ख्रिस ३७

मंडळी,

फेडरर-नदाल हा विषय इथे पार चोथा होईस्तोवर चघळून झालाय, तेव्हा जरा टेनिसमधल्याच जुन्या जोडीकडे वळू. मार्टिना नवरातिलोवा आणि ख्रिस एव्हर्ट १९७३ ते १९८८ या काळात ८० वेळा भिडल्या. मार्टिना ४३, ख्रिस ३७. ग्रँड स्लॅममधल्या, म्हणजे चार मोठ्या स्पर्धांतल्या, लढती १४-८. विंबल्डनच्या पाच फायनल दोघींत झाल्या, पाचही मार्टिनाने नेल्या. मोठी कोण, याचा निकाल कधीच लागलाय. ख्रिसची बाजू घ्यायला कुणी उरलंय का?

* * *

काका, मी आहे ना!

आकडे बरोबर आहेत, पण ते कसे जमले तेही बघा की. पहिल्या पंचवीस सामन्यांत वीस तरी ख्रिसचे. मग १९८२ च्या अखेरीपासून मार्टिनाने तिला सलग १३ वेळा हरवलं. १९८४ च्या यूएस ओपनच्या फायनलला दोघी कोर्टवर आल्या तेव्हा हिशोब ३०-३० होता! पहिला सेट ख्रिसने ६-४ घेतला, पुढचे दोन मार्टिनाने ६-४, ६-४. अकरा वर्षांत मार्टिना पहिल्यांदा पुढे गेली ती त्या दिवशी. आणि तुम्ही म्हणता निकाल कधीच लागलाय.

दुसरं, कोर्ट. क्लेवर, म्हणजे मातीच्या कोर्टवर, ख्रिस ११-३ ने पुढे. पण ८० पैकी क्लेवर सामने किती, तर १४! त्याच्या दुपटीहून जास्त इनडोअर कोर्टांवर झाले, जिथे सर्व्ह मारून नेटकडे धावणाऱ्या डावखुऱ्या मार्टिनाचं फावतं. क्लेवर ख्रिस १९७३ ते १९७९ मध्ये सलग १२५ सामने हरली नव्हती. तिथे या दोघी आणखी दहा-पंधरा वेळा भेटल्या असत्या तर हा ४३-३७ कुठल्या कुठे गेला असता.

* * *

असत्या-नसत्याला गुण मिळत नाहीत गं. आणि क्रमच बघायचा तर नीट बघ. पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मार्टिना १६ वर्षांची, चेकोस्लोव्हाकियातून नुकती बाहेर खेळायला आलेली. १९७५ मध्ये देश सोडला, अमेरिकेत एकटी राहिली, वजन वाढलं. त्या पोरीला हरवून जमवलेले विजय तू ३७ मध्ये मोजतेस ते चालतं! पुढे तिने बास्केटबॉलवाल्या नॅन्सी लीबरमनच्या हाताखाली घाम गाळला, आणि महिला टेनिसमध्ये जिमला जाणं ही रीत झाली ती तिच्यामुळे. १९८४ ला पॅरिसच्या फ्रेंच ओपन फायनलमध्ये ख्रिसवर ६-३, ६-१. ख्रिसच्या लाडक्या मातीत.

* * *

पोरीला म्हणे. ख्रिस तेव्हा काय आजीबाई होती? अठरा वर्षांची! दोघींत दोन वर्षांचंही अंतर नाही.

आणि ८४ सांगून थांबलात, ८५ कुणी सांगायचं? तेच पॅरिस, तीच फायनल, ख्रिस तिशीची. तिसरा सेट ५-५, ख्रिसची सर्व्हिस, ०-४०. एक पॉइंट गेला की मार्टिना सामन्यासाठी सर्व्ह करणार. तिथून ख्रिसने गेम वाचवला, पुढच्या गेममध्ये मार्टिनाची सर्व्हिस तोडली आणि नेटवर आलेल्या मार्टिनाच्या बाजूने बॅकहँड पासिंग शॉट लाइनलगत काढून ७-५ ने सामना संपवला. १३ वेळा सलग मार खाल्लेल्या बाईने, काका! नंबर एकही परत मिळवला. पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच, पुन्हा तिलाच हरवलं.

एकेरीच्या स्लॅम मोजायच्या तर दोघींच्या १८-१८. आणि दोघींनी साऱ्या जगाविरुद्ध खेळलेले सामने काढले तर कारकिर्दीत ख्रिसची जिंकण्याची टक्केवारी जवळजवळ ९०, मार्टिनाची ८७ च्या आसपास. एकमेकींपुरता मार्टिनाचा वरचष्मा, मान्य. त्यावरून ‘मोठी कोण’ ठरवू नका, एवढंच माझं म्हणणं.

* * *

टक्केवारीचं म्हणशील तर मार्टिना १९९४ पर्यंत, पुढच्या पिढीतल्या पोरींशी एकेरी खेळत राहिली. ख्रिस १९८९ लाच थांबली. उशिरापर्यंत खेळणाऱ्याची टक्केवारी घसरणारच.

८५ आणि ८६ तुझे, घे. ८७ ला त्याच पॅरिसमध्ये सेमीफायनलला मार्टिनाने तिला सरळ दोन सेटमध्ये बाहेर काढलं, ते मात्र सोयीस्कर गाळलंस!